हालत चांगली आहे

आमच्या घरात कोणी कोणाची हालत विचारत नाही. नातवंडं तब्येत विचारतात, बरं आहे का विचारतात, पण तो शब्द माझ्यासमोर काढत नाहीत. एकदा नातजावई ओसरीवर टेकल्या टेकल्या म्हणाला, "काय जी आबा, काय हालत आहे?" मी उठून गोठ्यात गेलो आणि त्याचं जेवण होईपर्यंत तिथंच बैलांजवळ बसलो. त्याला वाटलं म्हातारा रुसला. मी रुसलो नव्हतो.

आता लिहून ठेवतो. पंतोजीकडे मी दीड पावसाळा गेलो, तेवढ्यात जे आलं तेवढंच येतं. त्यानं छडी मारून 'मला' लिहायला शिकवलं म्हणून 'मला' लिहितो. तोंडानं 'मले' म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणणार.

ही कापसाच्या तेजीची गोष्ट आहे. समुद्रापलीकडे कुठंतरी एकाच मुलखातले लोक दोन बाजू करून लढत होते म्हणे. त्यांचा कापूस बंद पडला म्हणून आमचा विलायतेला चालला होता. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून पऱ्हाटी लावली. परसात लावली, मसणवाटीच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे पार बांधापर्यंत लावली. लावायला काही लागत नाही, पण वेचायला बाया लागतात. बोंडं एकदम फुटतात. दव पडलं की कापूस डागतो, वारा सुटला की मातीत जातो. दिवाळीपासून पुढं दोन-अडीच महिने बाईच्या हाताची किंमत बैलापेक्षा जास्त. आणि जिच्या काखेला पोर, ती वेचणार कशी? म्हणून गोळी.

गोळी म्हणजे अफूची. राईएवढी. दुधात उगाळून बोटानं पोराच्या जिभेला लावायची, की पोर झोळीत दुपारपर्यंत निपचित. माझ्या वावरातही हेच होतं. धुऱ्यावरच्या बाभळीला पाच-सहा झोळ्या लटकलेल्या असायच्या आणि एकीतूनही आवाज यायचा नाही. मला ते बरं वाटायचं. वेचणी भरभर व्हायची.

माझी धाकटी बहीण बाळापुराकडच्या एका गावात दिलेली होती. तिचा नवरा हगवणीच्या साथीत एका दिवसात गेला. सकाळी वावरात गेला होता, दिवस मावळायच्या आत नेला. भावकीनं वावर दाबलं. हिच्याकडे एक खोली राहिली आणि पदरी अंगावर पिणारी मुलगी. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. मी चांगलं घर पाहिलं, दोन बैलजोड्यांचं, आणि शब्द देऊन आलो. पण पाटाला जाताना पहिल्या नवऱ्याचं लेकरू त्याच्या भावकीत ठेवून जावं लागतं. ती नाही म्हणाली. मी तिच्या गावी जाऊन समजावलं, मग रागावलो. ती चुलीकडे तोंड करून भाकर थापत राहिली, मागं वळलीसुद्धा नाही. चार माणसांत माझा शब्द गेला होता. उंबऱ्यावर उभं राहून मी म्हणालो की आजपासून तू मले मेली.

तीन दिवाळ्या मी तिला आणायला बैलांची रेंगी पाठवली नाही, लुगडं पाठवलं नाही. तिनंही निरोप पाठवला नाही. दोघं एकाच आईचं दूध प्यायलेले.

तिनं या तीन वर्षांत काय केलं ते मला नंतर कळलं. वेचणीच्या दिवसांत ती गावातल्या बायांची पोरं एका ठिकाणी सांभाळायची. बारा झोळ्या. बाया आपल्या वाट्याच्या कापसातून तिला ओंजळ ओंजळ द्यायच्या, आणि गोळी तिच्याकडची. तिची स्वतःची मुलगीही तीच गोळी घेऊन वाढली.

आता, अफूचा मक्ता सरकारनं दिलेला होता. मक्तेदाराच्या दुकानातून घेतली तर गुन्हा नाही, बाहेरची घेतली तर गुन्हा. अफू तीच. दुकान नदीपल्याड बाळापुरात, आणि बारा पोरं टाकून ती तिथं जाणार कशी. निमाडातून बैलावर लसूण घेऊन येणारा एक फेरीवाला होता, तो लसणाच्या गोणीतून अफू आणायचा. त्याच्याकडचा बेलफळाएवढा गोळा हिनं घेतला. मक्तेदाराच्या माणसानं तो तिच्या कणगीतून बाहेर काढला. फेरीवाला कुठं गेला कोणाला माहीत. हिनं पहिल्या दिवशीच कबूल केलं की गोळा माझा आहे.

मला हे तिथल्या पाटलानं कळवलं, तिनं नाही. पाटलाचा माणूस सांगून गेला की अकोल्याच्या कचेरीत तारीख आहे, गुन्हा कबूल झालेला आहे, आता शिक्षा किती एवढंच राहिलं आहे, तर बाईच्या बाजूनं बोलायला घरचं कोणी यावं. मी म्हणालो येतो. राग होता, पण कचेरीत आमच्या घरची बाई एकटी उभी राहावी हे मला चाललं नसतं.

माझा बाप मोगलाईतला माणूस. एकदा त्याच्या चुलतभावाला अंमलदारानं धरून नेलं होतं. बाप ठेवणीतली पैरण घालून, दोन गडी मागं घेऊन गेला आणि म्हणाला की हा आमचा माणूस आहे, आमच्या घरी कशाची कमी नाही, हा असं करणार नाही. त्याच दिवशी सोडून आणला. बाप नेहमी सांगायचा की कचेरीत दीनवाणं जायचं नाही. ज्याचं कोणी नाही त्याला चाबूक, ज्याच्या मागं घर आहे त्याला बसायला पाट. मी हे ऐकत मोठा झालो.

तेव्हा अमरावतीला कापूस घालून नुकताच आलो होतो. पुन्हा अमरावतीला गेलो आणि जरीच्या काठाचं पागोटं घेतलं. माझी घरवाली म्हणाली, "साधं मुंडासं बांधून जा ना जी. लगनाले चालले का?" मी म्हणालो की तुले कचेरीतलं काय समजते. तिनं पुढं विचारलं की बाईसाठी, म्हणजे माझ्या बहिणीसाठी, काही घेतलं का. मी पागोट्याचा काठ नीट केला.

अकोल्याला दोन दिवसांनी पोचलो. कचेरीच्या आवारात लिंबाखाली तारखेची माणसं बसलेली होती, बाळापुराकडची पंधरावीस तरी असतील. पाटील होता. ज्या घराला मी पाटाचा शब्द दिला होता त्या घरचाही एक जण दुसऱ्या कामानं आला होता. त्यानं मला राम राम केला आणि पागोट्याकडे पाहून हसला.

शिरस्तेदार पुण्याकडचा. त्यानं मला बाजूला घेतलं. स्वच्छ बोलायचा, एकेक अक्षर निवडल्यासारखं, आणि मला त्याचा तेवढ्यासाठीच राग आला. तो म्हणाला, "साहेब मनाचे कठोर नाहीत. गुन्हा कबूल आहे, त्यामुळे शिक्षा द्यावी लागेल, पण किती द्यायची हे ते माणसाची हालत पाहून ठरवतात. तुम्ही बाईची हालत सांगा. नीट सांगा."

नीट सांगतो म्हणालो.

तिच्या आधी एका माणसाचं काम निघालं. त्याच्याकडेही बाहेरची अफू सापडली होती, हिच्यापेक्षा जास्त. तो आत जाताच भुईवर पडला आणि रडायला लागला. बायको अंथरुणावर आहे, चार पोरं आहेत, आई आंधळी आहे. साहेबानं त्याला पाणी द्यायला सांगितलं. मग थोडा दंड केला, कचेरी उठेपर्यंत बसून राहायला सांगितलं आणि सोडलं. मी दारात उभा होतो. मला त्या माणसाची किळस आली. मिशा असलेला माणूस, आणि आपल्या घराची चिंधी न् चिंधी लोकांसमोर टांगतो.

हे मी डोळ्यानं पाहिलं. म्हणून मला कळलंच नाही असं म्हणायची सोय नाही. बरीच वर्षं मी तसंच म्हणत आलो, की शब्द फसवा होता, आमच्याकडे चारचौघांत हालत विचारली तर चांगली आहे असंच सांगायचं असतं, मेल्यावरही माणूस तसंच सांगेल. ते खरं आहे. पण मी तो रडणारा माणूसही पाहिला होता.

मग तिला आणलं. तीन वर्षांनी पाहिली. खांद्याची हाडं वर आलेली, आणि लुगड्याला दोन ठिकाणी ठिगळाचा दंड घातलेला, एक निळा आणि एक कशाचा तरी वेगळाच. मुलगी तिच्या मांडीला धरून उभी होती, पेंगत. तिनं मला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जसा घरी मोठ्या भावासमोर ओढतात तसा.

साहेबाचं मराठी पुस्तकातलं होतं. त्यानं मला विचारलं, "या बाईची हालत कशी आहे?"

मागं सगळे उभे होते. पाटील, बाळापूरकडचे, आणि तो हसणारा.

मी म्हणालो, "चांगली आहे, साहेब. खाऊनपिऊन सुखी आहे. आमच्या घरी कशाची कमी नाही."

शिरस्तेदारानं खाली घातलेली मान वर केली. साहेबानं तिच्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्या पागोट्याकडे पाहिलं. मला आता वाटतं तो मला वाट देत होता. म्हणाला, "हिला नवरा नाही. मग हिचं कोणी नाही काय?"

इथं मला दुसऱ्यांदा कळायला पाहिजे होतं, आणि कळलंही. पण हिचं कोणी नाही हे म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? की सख्खा भाऊ आहे, पागोटं बांधून समोर उभा आहे, आणि ही तरी निराधार आहे. ते सगळ्यांसमोर मीच माझ्या तोंडानं म्हणायचं.

"मी आहो ना," मी म्हणालो.

"तू हिला पोसतोस?"

"व्हय."

शपथ घेतलेली होती. साहेबानं मग तिला विचारलं की तुझा भाऊ म्हणतो हे खरं आहे काय. तिनं नाही म्हटलं असतं तर मी खोटा पडलो असतो, आणि ती बहुतेक सुटली असती. तीन वर्षांत तिला ही एकच संधी आली होती माझा हिशेब चुकता करायची. तिनं पेंगणाऱ्या मुलीला सावरलं.

"व्हय," ती म्हणाली. "दादा म्हनते ते खरं आहे. दादाच पोसते मले."

शिरस्तेदारानं निकाल वाचून दाखवला. बाईला गरज नव्हती, भाऊ सधन असून तिचं पोषण करतो, सबब तिनं हे केवळ लोभानं केलं असं दिसतं. सहा महिने सक्तमजुरी. मुलगी भावाच्या हवाली.

बाहेर आल्यावर शिरस्तेदार माझ्याजवळून गेला. म्हणाला, "अहो, हालत सांगा म्हणालो होतो मी." मी म्हणालो, सांगितली ना. तो आत निघून गेला. बाळापूरकडच्या माणसांनी मात्र माझी पाठ थोपटली. म्हणाले, भाऊ असावा तर असा, भर कचेरीत छाती काढून म्हणाला मी आहो. तो हसणारा आता हसत नव्हता. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

मुलीला घेऊन गावी आलो. वाटेत ती झोपली नाही. पहिल्या दिवशी नाक गळायला लागलं, मग पोट सुटलं, मग हातपाय ताणून रडायला लागली. आईसाठी रडते असं मला वाटलं. माझ्या घरवालीनं तिला मांडीवर घेतलं, जिभेकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे मायसाठी रडणं नोहे जी. हिले गोळी पाहिजे."

मी म्हणालो की माझ्या घरात ती गोळी येणार नाही. दोन दिवस तसाच बसलो. तिसऱ्या दिवशी मुलीचा आवाज बसला, नुसतं तोंड उघडायची. घरवालीनं भाकर टाकली नाही, चूल पेटवली नाही, माझ्यासमोर मुलीला घेऊन बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग मी गेलो. आमच्या भागातल्या मक्तेदाराच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिलो. पुढं एक म्हातारा खोकत होता, मागं एक बाई पोर घेऊन होती. दुकानदारानं पानात बांधून दिली. कोणी मला धरलं नाही, कोणी माझी हालत विचारली नाही. मी ती पुडी कमरेला खोचून भर दिवसा गावातून घरी आलो.

घरवालीनं तिला राईएवढी दिली, आठ दिवसांनी बाजरीच्या दाण्याएवढी, मग खसखशीएवढी. मग नुसता गूळ. मुलगी वाचली. पण बाभळीखालच्या झोळ्यांकडे मी पुन्हा पहिल्यासारखं पाहू शकलो नाही. त्या साली बायांना सांगून पाहिलं की पोराला गोळी देऊ नका, पाजायला चार वेळा घरी जा. त्या हसल्या. एक म्हणाली, "मंग वेचन कोन जी, तुमी?" मी पुन्हा सांगितलं नाही. कापूस डागला असता.

सहा महिने झाले त्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी रेंगी घेऊन हजर होतो. साधं मुंडासं बांधलं होतं. मुलगी सोबत होती, आणि एक नवं लुगडं घेतलं होतं. ती बाहेर आली. दळून दळून तळहात जाड झालेले. तिनं मुलीला उचललं, तिचे गाल दाबून पाहिले, दात पाहिले, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली.

"गोळी तोडली का?"

"वयनीनं तोडली तुह्या."

ती रडली ती एवढ्यावरच. मग मी तिला म्हणालो की बाई, घरी चाल. खोली देतो, वावराचा तुकडा देतो. रेंगीतून लुगडं काढून पुढं केलं. तिनं हात लावला नाही.

"तू कचेरीत काय सांगतलं, दादा? मी खाऊनपिऊन सुखी आहो, तू मले पोसतं. मी बी तेच सांगतलं. आता तुह्या घरी येऊन तुकडा मांगतला त सारे म्हनतीन, भाऊ खोटा बोलला होता, आता पोसून राहिला. मी सहा महिने दळलं त्या एका गोष्टीसाठी. ते मातीत घालू काय?"

मी म्हणालो की लोकांचं काय घेऊन बसली.

"लोकांचं मी नाई घेऊन बसली," ती म्हणाली.

तिनं मुलीला काखोटीला मारलं आणि बाळापूरच्या वाटेला लागली. मी रेंगी तिच्या मागं मागं कोसभर नेली. बैल तिच्या चालीनं चालत होते. एका ओढ्याशी ती थांबली आणि म्हणाली की आता जा, बैल उन्हात कशाले मारतं. मी परत फिरलो. मला वाटलं, राग आहे, दिवाळीला निवळेल. दिवाळीला रेंगी पाठवली, ती रिकामी आली. पुढच्या दिवाळीला पाठवली, ती रिकामी आली. तिसऱ्या दिवाळीला मी पाठवली नाही. ती येणार नाही हे मला आता कळलं होतं; एवढं तरी आम्ही दोघं एकमेकांना ओळखत होतो.

तिकडची लढाई संपली, भाव बसला, पुन्हा सगळीकडे ज्वारी आली. मुलीचं लग्न तिनं तिच्या तिनं केलं, मला अक्षत पाठवली, मी गेलो, मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभा राहिलो, जेवलो. ती वाढायला आली आणि माझ्या पानात दोनदा तूप ओढलं. बोलणं झालं ते पावसापाण्याचं.

त्यानंतर काही वर्षांनी पोळ्याच्या सुमारास ती तापानं गेल्याचा निरोप आला. मी निघालो. बाई मेली की तिच्यावर माहेरचं लुगडं घालतात, आमच्याकडे त्याशिवाय उचलत नाहीत. वाटेत बाळापुरात थांबून एक हिरवं लुगडं घेतलं. हे तरी तिला नाकारता येणार नाही असं मनात आलं, आणि ते मनात आल्याची मला लाज वाटली.

पोचलो तेव्हा तिला बाहेर ठेवलेली होती. तिच्यावर लुगडं घातलेलं होतं. तांबडं, कोरं, घडी मोडल्याच्या रेघा तशाच. शेजारची एक म्हातारी पुढं आली. डोळे पुसत म्हणाली, "या जी दादा. तुमीच पाठवलेलं लुगडं आहे हे. मांगच्या साली वेचणी सरल्यावर आनलं तिनं, म्हने माह्या भावानं पाठवलं, जपून ठेवा, हेच घाला माह्यावर. कधी बी हालत पुसली त म्हने, मले काय कमी आहे, भाऊ पोसते मले. नशीबवान होती."

मी कोणतंच लुगडं पाठवलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"व्हय," मी म्हणालो.

हिरवं लुगडं रेंगीत बैलांच्या चाऱ्याखाली होतं. मी ते काढलं नाही.